पुंजारामच्या कानांची तपासणी

धावड्याचा पुंजाराम घरीच स्पीकर बनवतो. आसपासच्या भजनी मंडळांना त्याच्याच खोक्यांचा आवाज लागतो, आणि याचा त्याला जरा जास्तच तोरा. पण या दसऱ्यानंतर तो तोरा कुठल्या कुठे गेला. भोकरदनच्या मंडळासाठी केलेली नवी जोडी आधी खणखणीत वाजायची. आता तिच्यातले टाळ गोणपाटाआडून आल्यासारखे वाटू लागले. मिरवणुकांत स्पीकरपुढे उभं राहून आयुष्य गेलेलं, तेव्हा कानच गेले असं त्यानं मनाशी धरलं. बोलला मात्र कुणाशीच नाही. 'लाकूड अजून ओलं आहे' म्हणत मंडळाला टोलवत राहिला. खरे टाळ ऐकायची भीती वाटून त्यानं भजनाला जाणंही सोडलं. आता हा धंदा बंदच करावा, इथवर गडी आला होता.

दिवाळीला मुलगी अर्पिता आली. संभाजीनगरला ती हेच, आवाजाचं तंत्र, शिकते. भिंतींचा घुमारा नको म्हणून तिनं खोकी अंगणातल्या ट्रॉलीवर मांडली, समोर छोटा माइक लावला आणि लॅपटॉपवरून एक स्वर सोडला. खालच्या घुमण्यापासून थेट शिट्टीपर्यंत तो चढत जाणार आणि कुठला स्वर किती जोरात निघतो, त्याची रेघ पडद्यावर उमटणार.

पुंजाराम डोळे मिटून उभा. स्वर चढला, चढला आणि विरला. गेलेच कान, त्यानं मनाशी म्हटलं.

"अप्पा, बघा. वरचे स्वर खोक्यातून निघूनच न्हाई राह्यले," अर्पिता म्हणाली.

"म्हंजे खोकंच खराब?"

"बिलकुल."

पुंजाराम खदाखदा हसत सुटला. आपला माल खराब निघाल्यावर इतका खूश झालेला कारागीर जिल्ह्यात दुसरा नसेल.

अर्पितानं पुढची जाळी काढली. वरचे स्वर काढणाऱ्या दोन्ही छोट्या पडद्यांवर जाळीतून झिरपलेल्या हळदी-कुंकवाचा जाड थर वाळून बसलेला.

"दसऱ्याला हत्यारं पुजली, मंग यांना कुंकू लावायचं न्हाई का?" अर्पिताच्या आईनं, नंदाबाईंनी, उलट विचारलं.

थर अलगद पुसला. दुसऱ्यांदा रेघ शेवटपर्यंत सरळ गेली आणि शिट्टी पुंजारामच्या कानाला टोचली. ते टोचणं त्याला फार गोड लागलं.

गेले कित्येक दिवस नंदाबाई त्याच्याशी ओरडूनच बोलत होत्या. बाईचा पारा चढलाय, एवढंच तो समजून होता. आता त्या आत गेल्या आणि चुलीकडे तोंड करून अगदी हळू म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

"ठेव की," तो अंगणातून म्हणाला. "साखर जरा जास्त टाक."

नंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मला वाटलं, तुम्हाला ऐकू येईना झालं," त्या तितक्याच हळू म्हणाल्या.