उतरवायचा राहिलेला दाब

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीटसं उमगलेलं नाही – कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून.

आठ वर्षांपूर्वी मी पेणच्या एका छोट्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होते. सुजाता तिथे दहा आठवडे आधीच बाळंत झाली. हमरापूरची सून, गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायची. मुलगी ओंजळीत मावेल एवढी – कांद्याच्या पापुद्र्यासारखी त्वचा, आणि प्रत्येक श्वासाला पारव्याच्या घुमण्यासारखं बारीक कण्हणं.

इतक्या लवकर आलेल्या फुप्फुसांत एक स्निग्ध द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं. ते नसलं की श्वास सोडताना आतले हवेचे कप्पे ओल्या पिशवीसारखे चिकटतात. ते उघडण्यासाठी व्हेंटिलेटरचा दाब चढा ठेवावा लागतो. मग तेच द्रव्य नळीतून बाहेरून देतात, फुप्फुसं मऊ होतात – आणि तेव्हा दाब उतरवायचा असतो. वेळ न घालवता. आधी तारणारा दाब मग फाडू लागतो.

मी सकाळी औषध दिलं. बाळाची निळसर नखं गुलाबी झाली. काचेपलीकडे सुजाताची सासू आणि घरची माणसं उभी होती.

“बघा गो, छाती कशी उडताय! पोर हाय का बेडूक?”

सगळे हसले. मीही हसले. छाती इतकी उडायला नको होती – मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण दाब उतरवला असता, तर ती जेमतेम हलती दिसली असती आणि ते चेहरे पुन्हा विझले असते. त्यांच्या काळजीपोटी थांबले, असं म्हणू? नाही. ते कौतुक मला आणखी थोडा वेळ अंगावर हवं होतं. बटणापर्यंत गेलेला हात मी मागे घेतला, आणि दुसऱ्या बाळाकडे वळले.

दुपारी उजवं फुप्फुस फाटलं. बरगड्यांमधून नळी घालून साठलेली हवा काढावी लागली. ईश्वरी – हे नाव तिला पुढे मिळालं – वाचली. फुप्फुसांतली इजा मात्र राहिली.

पण मी सांगायला बसले आहे ते याच्या पुढचं.

संध्याकाळी सासूनं विचारलं, “मॅडम, पोरीच्या छातीचं हे रंगाच्या वासानंच झालं ना? मी हिला सांगत व्हते, आता ब्रश ठेव. ऐकते कुठं.”

सुजाता खाटेवरून माझ्याकडे पाहत होती. आखणीचा रंग पाण्यातला, त्याला वास असून असून किती असणार? उग्र वासाच्या रंगाची फवारणी वेगळ्या शेडमध्ये चालायची. तिथे ती जातही नसे. हे सगळं मीच तिला विचारून केसपेपरवर लिहिलं होतं. माझा एक नकार पुरला असता.

मी म्हणाले, “असू शकतं.”

सुजातानं मान खाली घातली. त्यानंतर तिनं ब्रश धरला नाही.

आता मी रोह्यात दवाखाना चालवते. सुजाताचं माहेर इथलंच. ती ईश्वरीला मलाच दाखवते. मुलगी जिना चढून आली की आधी बाकावर टेकते, मग बोलते. गेल्या महिन्यात तिला तपासून झाल्यावर सुजाता चाचरत म्हणाली, “मॅडम, आखणीला माणूस मिळत नाय. ही पण मोठी झाली आता. बसू का मी? सासूबाई बोलतात, आधी मॅडमना विचार.”

‘बस’ म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग तेव्हा कशानं झालं होतं?

“अजून वर्षभर थांबू या,” मी म्हणाले.

“व्हय,” म्हणत ती लेकीच्या फ्रॉकची बटणं लावू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विश्वास होता. तो मी घेतला.