लाकडाच्या आतलं पाणी
शिसवाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला सत्तरच्या दशकातला, सोलापुरातला आमच्या अण्णांचा सुतारकारखाना आठवतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, विणकरांसाठी मागाचे, आडवं सूत वाहून नेणारे धोटे करत, आणि लाकूड सुकलं की नाही ते फळी गालाला लावून सांगत. मी तेव्हा मुंबईच्या प्रयोगशाळेत चुंबकीय अनुनादाच्या यंत्रावर सुकत्या लाकडातलं पाणी तपासत होते. एका सुट्टीत अण्णांनीच सुकली म्हणून ठरवलेली एक फळी कापून गाभ्यातली पेन्सिलीएवढी काडी दिली. मी ती काचनळीत मेणानं बंद करून नेली. पुढच्या खेपेला भीत भीत म्हटलं, "अण्णा, वरून सुकलंय, पण आत अजून पाणी आहे." कारागिरांचे हात थांबले. अण्णांचा शब्द तिथं कुणी कधी खोडला नव्हता.  अण्णांनी सगळ्या फळ्या पुन्हा सावलीत रचायला लावल्या. तेवढ्यात धोटे न्यायला एक विणकर आला. "उन्हाळाभर थांबावं लागंल की. लाकूड अजून ओलं हाय," अण्णा म्हणाले. "कोन म्हनतं?" "माझी लेक. न्हाय कळलं मला, तिला कळलं." पुढे डॉक्टरेट मिळाली, नोकरी झाली, आता निवृत्तही झाले, पण स्वतःचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.