धोप्यातली चिंच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दर शिवरात्रीला मार्कंड्याच्या देवापुढे हात जोडते तेव्हा बाकी सगळं सांगते, एवढं सोडून. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून थोडं सोपं जातं. आणि मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली, तेव्हापासून हे पोटात राहायला तयार नाही.

घडलं फारसं काही नाही. आमच्या बचत गटाची बैठक होती. काम आटोपलं, चहा अजून चुलीवर होता, तेवढ्यात एकीने खेळ काढला — प्रत्येकीने सिनेमातलं नाहीतर टीव्हीतलं आपलं आवडतं माणूस सांगायचं. कुणी हा नायक सांगितला, कुणी ती नायिका. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मले तं ते पानडबेवाली आवडे." सगळ्या बाया हसून लोळल्या. सगळ्यात जास्त हसली ती माझी मोठी जाऊ, कौसल्याबाई. डोळे पुसत म्हणाली, "तेवढी खराब बाई आवडते तुले? अवं, तशी मानसं असतात का कुठी?"

मी चहा घेतला.

पानडबेवाली म्हणजे एका जुन्या मालिकेतली मोठी काकू. नाव तिचं भलंमोठं होतं, पण आमच्या घरात तिला पानडबेवालीच म्हणत, कारण काही वाईट करायचं असलं की ती आधी पानाचा डबा उघडायची. पान काढायची, देठ खुडायची, सावकाश चुना लावायची — आणि तोवर आम्ही सगळे जेवणाची ताटं हातात धरून थांबलेलो. सासू तर टीव्हीला शिव्या घालायची. मी शिव्या घालत नव्हते. मी शिकत होते.

खरं सांगू? मला लहानपणापासून खलनायकच आवडतात. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हापासून. बाकीची पोरं नायकाला शिट्ट्या मारायची, आणि मला वाटायचं, हा करतो काय? गाणी म्हणतो आणि शेवटी येतो. सगळी मेहनत तर त्या बिचाऱ्या खलनायकाची — अड्डा त्याने बांधायचा, माणसं त्याने सांभाळायची, बेत त्याने आखायचा, आणि मार पण त्यानेच खायचा. तो मेला की मी रडायचे. बाप म्हणायचा, ही पोरगी उलट्या खोपडीची आहे. तेव्हा सगळे कौतुकाने हसायचे.

पण पानडबेवाली वेगळी होती. तिने कधी कुणाला विष घातलं नाही, जिन्यावरून ढकललं नाही. तिची तऱ्हा अशी, की आपण काहीच करायचं नाही. दिव्यात तेल नाही हे हिला माहीत असायचं, आणि कुणी विचारलं की तेल आहे का, तर म्हणायची, "आहे ना." बस. एवढंच. बाकीचं आपोआप व्हायचं, आणि बोल लागायचा गरीब सुनेला. मला वाटायचं, काय डोकं आहे या बाईचं! हात स्वच्छ ते स्वच्छच.

बघा, अजून मूळ गोष्टीला आलेच नाही. येते.

आमचं ढिवराचं घर. वैनगंगेच्या काठाला, चामोर्शीकडचं गाव. तळ्यात आणि नदीत मासोळी, थोडी धानाची शेती. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मोठी जाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तिला मूलबाळ नव्हतं. मी तिला बाई म्हणते. पहिल्या दिवसापासून बाईने मला धाकट्या बहिणीसारखं वागवलं. मला मासोळी साफ करता येईना — ढिवराची पोरगी असून — तर सासूच्या नकळत माझ्या वाटणीची ती साफ करायची. माझ्या डोक्यातल्या उवा तिनेच काढल्या. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की तिने मला काहीतरी केलं असेल. तिने काहीच केलं नव्हतं.

फक्त तिच्या हाताला चव होती. आणि माझ्या नव्हती.

मी केलेली भाजी खाऊन घरातले म्हणत, बरी आहे. तिची खाऊन काही म्हणतच नसत, नुसती वाटी पुढे करत. त्यातही तिचा धोपा! तुमच्याकडे अळू म्हणतात. चण्याची डाळ घालून धोप्याची पातळ भाजी ती अशी करायची, की शेजारच्या बाया वाटी घेऊन यायच्या. दोन वर्षं मी ते पाहिलं. दोन वर्षांत एक माणूस म्हणालं नाही की मंदा, आज तू कर.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. गावोगावचे सोयरे येतात, घरोघर पाहुणे, आणि पुष्कळ सोयरिकी मंडईतच जुळतात. त्या वर्षी आमच्या नणंदेला, वनिताला, बघायला राजुऱ्याकडचे पाहुणे आले. मुलाचा आजा माळकरी, तेव्हा मासोळी बंद. सासूने ठरवलं, कौसल्येचा धोपा होईल. सगळी भिस्त त्या एका भाजीवर.

सकाळपासून बाई चुलीपाशी होती. पानं चिरली, डाळ टाकली, चिंचेचा कोळ काढून वाटीत ठेवला. चिंच नसेल तर धोपा खाजतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तेवढ्यात वनिताला साडी नेसवायला तिला आतून हाक आली. उठताना मला म्हणाली, "उकळी आली का कोळ टाकजो वं मंदा."

उकळी आली.

मी वाटी हातात घेतली होती. हे नीट आठवतं. वाटी हातात होती आणि मी टाकणारच होते — असं म्हणू का? नाही. तसं म्हणणार नाही. बाहेरून सासूचा आवाज येत होता, पाहुण्यांना सांगत होती, मोठीच्या हाताले चव हाय, लहानीले अजून काई येत नाई. मी वाटी घेऊन मागच्या दाराने गेले आणि मुनग्याच्या झाडाच्या बुडाशी ओतली. राखेने घासली. जागेवर आणून पालथी ठेवली.

बाई परत आली. घाईत होती. विचारलं, "टाकला कोळ?"

मी म्हणाले, "टाकला ना."

दोन शब्द. ते म्हणताना मला पानडबेवाली आठवत होती का? होती. चक्क आठवत होती, आणि बरं वाटत होतं.

आमच्या घरची रीत अशी, की पाहुणे जेवल्याशिवाय रांधणाऱ्या बाईने चव घ्यायची नाही, अन्न उष्टं होतं. ती रीत बाईने कधी मोडली नाही, हे मला माहीत होतं. त्या रीतीच्या भरवशावर तर मी सगळं केलं.

पहिल्या घासाला म्हातारा खाकरला. मग मुलाची आई. मग सगळी पंगत घसा धरून बसली. ताक आणलं, गूळ आणला, पण व्हायचं ते झालं होतं. पाहुणे भले होते, काही बोलले नाहीत, कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही. वनिताचं लग्न पुढे दोन वर्षांनी चांगल्या घरी झालं, ती सुखात आहे — हे मी माझ्या मनाला खूप वेळा सांगून पाहिलंय.

पण बाईचं काय?

आमच्याकडे जुन्या बाया म्हणतात की मनात खोट असली तर हातचा धोपा खाजतो. पाहुण्यांची गाडी वळली आणि सासूने अंगणात, शेजारणींच्या देखत तेच म्हटलं. "मनात खोट असन तं धोपा खाजनच. आपली कूस रिकामी, म्हनून पोरीच्या संसारावर नजर." बाई उभी होती. हातात उष्ट्या ताटांची चवड. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. "मंदा, तू कोळ टाकला होता ना वं?"

अजून वेळ होता. तेव्हासुद्धा वेळ होता. मी म्हणाले, "टाकला बाई. तुमच्यासमोर तं सांगतलं."

ती मान हलवून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने सणावाराला चुलीला हात लावला नाही. कुणी बंदी केली नव्हती. ती स्वतःच म्हणायची, मंदाले करू द्या. आणि टोपली डोक्यावर घेऊन मासोळी विकायला बाजाराला जायची. चूल माझी झाली. वर्षभरात लोक म्हणू लागले, लहानीच्या हाताला आता चव आली. खरंच आली होती. माझ्या मागे उभी राहून वर्षभर मला कुणी शिकवलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात माझी काही करणी नाही, सगळं तिचं आहे. त्या मंडईनंतर तिसऱ्या वर्षी माझे दिवस भरले आणि नाल्याला पूर आला. रस्ता बंद, गाडी पलीकडच्या काठाला उभी. बाईने आणि तिच्या नवऱ्याने, माझ्या भासऱ्याने, मला डोंग्यात घातलं. भर दुपारी, गढूळ पाण्यातून, ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि दुसऱ्या हाताने डोंग्यातलं पाणी उपसत होती. मी जगले. माझी चित्रा जगली. आज माझ्या घरात जे जे काही आहे, चित्राचं हसणं, तिच्या वह्या, माझा स्वतःचा श्वास, ते सगळं या बाईने पाण्यातून काढून दिलेलं आहे. मी रोज उठून तिचे उपकार आठवते. पूजेसारखे आठवते, खोटं नाही सांगत.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती मला पेज भरवत होती. चित्रा तिच्या मांडीवर. पेज भरवता भरवता थांबली आणि म्हणाली, "मंदा, तुले एक सांगू? कोनाले सांगजो नको."

मला वाटलं, हिला कळलं. 

ती म्हणाली, "त्या दिवशी माह्या मनात खोट होती. वनिताले साडी नेसवतानी वाटलं, हिचं लगन होईन, हिले लेकरू होईन, तुले बी होईन, अन् मीच रायन. तेवढंच वाटलं, घडीभर. पन धोप्याले समजलं ना वं. माह्यापायी तुमाले सगळ्याइले खाली पाहा लागलं. माफ कर मले."

एवढी वर्षं ती स्वतःच्या मनात शोधत होती. आणि तिला एक कण सापडला होता — कुणाच्या मनात नसतो? — तो घेऊन ती माझ्यापुढे आली होती. माझ्यापुढे.

मी काय केलं असेल? तुम्ही तर्क केला असेल. नसेल केला, तर तुम्ही माझ्याहून चांगले आहात.

मी म्हणाले, "जाऊ द्या बाई. केलं माफ."

तिने डोळे पुसले, पेजेचा पुढचा चमचा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, तुझ्याजवळ बोलून हलकं वाटलं. तेव्हापासून ती माझी मिंधी आहे. मी तिचं गुपित राखलं म्हणून. बाजारातून येताना माझ्यासाठी आठवणीने काहीतरी आणते, कधी मुरमुऱ्याचा लाडू, कधी बांगड्या. बायांना सांगते, माझी जाऊ मनाची मोठी आहे.

आता आम्ही दोघी दुपारी मालिका बघतो. भासरे गेले, सासू गेली. नवी मालिका, नवी खराब बाई. बाई अजूनही तिच्यावर चिडते आणि अजूनही म्हणते, अशी माणसं नसतात, हे सगळं टीव्हीवाल्यांचं काम. मी तिच्या शेजारी बसून मटाराच्या शेंगा सोलते. सिनेमातल्या खलनायकाला निदान शेवटी कुणीतरी ओळखतं. माझ्या बाबतीत तेही झालं नाही. उलट माया मिळाली, पोटभर.

यंदा नहाणीच्या सांडपाण्यावर धोपा माजलाय. परवा चित्रा पानं खुडून घेऊन आली. नर्सिंगच्या कॉलेजात आहे, सुट्टीला आली होती. बाईला म्हणाली, मोठी आई, मला तुझा तो जुना धोपा शिकव, सगळे नाव काढतात. बाईने पानं हातात घेतली. उलटून पाहिली, पाठीवरच्या शिरांवरून अंगठा फिरवला, जसा ती आधी फिरवायची. मग परत चित्राच्या हातात दिली. म्हणाली, "तुह्या मायले विचार, बाई. तिच्या मनात खोट नाई. तिचा धोपा कधी खाजला नाई."

चित्रा माझ्याकडे पाहत होती. बाई पण पाहत होती, हसून, कौतुकाने.

मी पोरीला शिकवलं. पानं अशी चिरायची, डाळ एवढी, उकळी आली की कोळ. माझा धोपा खाजत नाही, कारण मी त्यात चिंच टाकते. त्या दिवशी मी टाकली नव्हती.