शेवटच्या बाईचं उत्तर

आमच्या शाळेत 'गँग' हा शब्द मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखीव आहे. पेपरात तो चोरांसाठी असतो. आमच्या घरात मात्र गँग म्हणजे माय आणि तिच्यासोबत शेतात निंदणाला, कापणी-सोंगणीला जाणाऱ्या आमच्या इंझोरी गावच्या बाया. मी मंगरूळपीरला इंग्रजी शिकवते, त्यामुळे शब्दांची मुळं उकरायची खोड आहे. एकदा शब्दकोशात पाहिलं, तर हा शब्द मुळात माणसांच्या घोळक्याचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं जाणं, चालणं. मग तो सोबत न्यायच्या सामानाला लागला, मग एकत्र राबणाऱ्या मजुरांना, आणि शेवटी बदमाशांच्या गळ्यात पडला. मी मोठ्या कौतुकानं हे मायला सांगितलं.

"मंग बराबरच हाय," ती म्हणाली. "आमी बाया चालतच तं होतो."

त्या चालण्याला एक नियम होता. तिन्हीसांजेला शेतातून परतताना पांदणीत, शेतांमधल्या गाडीवाटेवर, कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. अंधारात नाव घेतलं की भलतंच कोणीतरी ओ देतं, असं बाया मानत. म्हणून सर्वांत पुढची बाई फक्त विचारायची, "आल्या का व?" रांगेतल्या शेवटच्या बाईनं उत्तर द्यायचं, "आल्या!" तेवढं ऐकलं की गँग गावाकडे निघायची.

मी लहान असताना एका संध्याकाळी असंच विचारलं गेलं, मागून उत्तर आलं, गँग गावात पोचली आणि पाहते तर शेवटची बाई रांगेत नाहीच. ती मायची जिवाभावाची मैत्रीण. सकाळी तुरीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्याशी सापडली, वेचलेल्या काड्यांजवळ. साप चावला होता. मग उत्तर दिलं कोणी? गावाला अशा गोष्टी ठरवायला वेळ लागत नाही. तिच्या भुतानंच दिलं म्हणाले. पुढं कित्येक वर्षं मी तो आवाज कानात घेऊन, गोधडीत तोंड खुपसून झोपले. माय या विषयावर चकार शब्द काढत नसे.

आता सोयाबीनला हार्वेस्टर येतो. गँग कधीच मोडली. मायला विसर पडायला लागला तशी मी तिला माझ्याकडे आणलं. यंदा दिवाळीनंतर भावाकडे इंझोरीला गेलो होतो. मी चहा ठेवायला आत वळले आणि तेवढ्यात माय अंगणातून नाहीशी झाली. दिवस मावळलेला, शेतातल्या विहिरींना कठडे नाहीत. भाऊ गावात शोधायला धावला, मी पांदणीकडे पळाले.

ती त्याच तुरीच्या धुऱ्याशी उभी होती. मी हात धरून ओढलं, चिडले, रडलेसुद्धा. ती हलेना.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "ते मांगं राह्यली."

"कोण, माय?"

"माही मैतरीन. काड्या वेचून राह्यली होती. येतेच मांगून म्हने. मंग तिच्या बदली मीच बोललो, आल्या म्हनून. तुले ताप होता ना, मले घाई होती घरची."

मला तेव्हा ताप होता, हे मला आठवतही नाही. ज्या आवाजाला मी जन्मभर घाबरले, तो माझ्याच आईचा होता आणि माझ्यापायी निघाला होता. आता हिला काय सांगू? ताप उतरला म्हणून सांगू? मला त्या शब्दकोशाचाही संताप आला. जाणाऱ्यांचं सगळं त्यात लिहून ठेवलंय, मागं राहिलेल्या बाईचं काहीच नाही.

अंधार दाटत चालला होता. मायनं गावाकडे तोंड केलं आणि मागे न बघता हळूच विचारलं, "आल्या का व?"

मी तिचा हात सोडला. तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आल्या," मी म्हणाले.

"लई उशीर केला व बाई," माय म्हणाली, आणि गावाकडे चालू लागली.