चार नंबरची वन्सं

शुक्रवार, १६ जानेवारी. डाळिंब्या सोलायला बसले आहे. मोड आलेले वाल होते, त्यातले निम्मे गरम पाण्यात घातले आणि निम्मे अजून फडक्यात आहेत. परात समोर आहे, सालांसाठी शेजारी रद्दीचा कागद अंथरला आहे. हे काम दोघींचं आहे. एकटीने केलं की बोटांपेक्षा तोंड जास्त आखडतं. वाल मात्र सवयीने दोघींपुरते भिजवले गेले. दुसरी जी आहे तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, ते हात पुसून आज लिहून टाकते.

माझ्या नणंदेइतकी जग फिरून कुठेच न गेलेली बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही. एकवीस वर्षं ती विमानात हवाईसुंदरी होती. देशातलं एकही मोठं शहर तिने सोडलं नाही, पण बहुतेक शहरांची तिने फक्त दारं पाहिली. विमानाचं दार उघडायचं, माणसं उतरवायची, नवी चढवायची, दार लावायचं. श्रीनगर कसं आहे विचारलं तर म्हणायची, "थंड. दारात उभं राहवत नाही." चेन्नई कसं आहे? "दमट. दारात उभं राहवत नाही." तिच्या मते ज्याच्या दारात उभं राहवतं असं गाव एकच, अंबरनाथ. तेही शिवमंदिराच्या मागच्या बाजूचं, जिथे आमची इमारत आहे आणि जिथे वाऱ्याची दिशा बदलली की नाल्याच्या वासाने मी खिडक्या लावून घेते. ती उघडते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, नणंदेला वन्सं म्हणायचं. वन्सं तेव्हा वीस वर्षांची, दोन वेण्या घालून पेरू खात होती. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. तोंडाला ते वन्सं चिकटलं ते चिकटलंच, "अगं वन्सं" असं विचित्र मिश्रण आमच्या घरात अजून चालतं. पुढे जुनं घर पाडून इमारत झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले, एक भावाला, एक बहिणीला. तिने लग्न केलं नाही. कारण विचारलं तर सांगायची, "सासरी गेलं की सीनियॉरिटी शून्यापासून."

ही सीनियॉरिटी समजल्याशिवाय ती समजणार नाही. तिच्या कंपनीत दर महिन्याला एक फॉर्म असायचा. कुठल्या वारी सुट्टी हवी, कुठली विमानं हवीत, ते पसंतीच्या क्रमाने लिहायचं. मग यादीतल्या एक नंबरला हवं ते मिळणार, दोन नंबरला उरलेल्यातलं, आणि असं करत करत शेवटच्याला सगळ्यांनी नाकारलेलं. मुंबईच्या यादीत ती चढत चढत चार नंबरवर आली होती. वरच्या तिघींची माहिती ती घरच्या आजारी माणसांसारखी ठेवून असायची. एकीचे गुडघे, एकीचा नवरा कॅनडात, एकीला कंटाळा आलाय. तिघींतली एक जरी गेली असती तरी आमच्याकडे श्रीखंड झालं असतं.

हाच कायदा तिने घरातही लावला. सुरमईची मधली तुकडी ताटात ओढून घेत म्हणायची, "वहिनी, मी या घरात जन्मापासून आहे. तुम्ही नंतर जॉईन झालात."

"अगं, मोठी मी आहे."

"वय वेगळं, सीनियॉरिटी वेगळी."

माझा नवरा तिचा भाऊ असूनही यात माझी बाजू घ्यायचा नाही. तो म्हणायचा, नियम तो नियम, आणि शेपटीकडची तुकडी माझ्या ताटात सारायचा.

विमानातल्या सगळ्या सवयी ती घरी घेऊन यायची. एका बोटाने ती काहीही दाखवत नाही, ते असभ्य असतं म्हणे. सगळा तळवा उघडून दाखवते. रिक्षावाल्याला "इथून डावीकडे" सांगताना ती असा हात करते की एकाने रिक्षा थांबवून नमस्कार केला होता. पाहुण्यांना विचारते, "कांदेपोहे घेणार की बटाटेपोहे?" आणि कुणी बटाटेपोहे म्हटलं की अतीव दुःखाने सांगते, "सॉरी, बटाटेपोहे संपले." ते केलेलेच नसतात. मी एकदा म्हटलं, मग विचारतेस कशाला? "विचारलं की माणसाला बरं वाटतं, वहिनी." तिच्या घरात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला बाहेर पडायचे मार्ग दाखवले जातात. एक दार, एक गॅलरी, गॅसचा वास आला तर दिवा लावायचा नाही. उल्हासनगरच्या दुकानातून पडदे लावायला एक सिंधी गृहस्थ आले होते. त्यांनी हातात दांडी धरून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीदी, मैं पड़दा लगाने आया हूँ, रहने नहीं।"

गावाबद्दलचं तिचं वेड तर नोकरीवर बेतायचं बाकी होतं. मुंबईकडे उतरताना काही विमानं आमच्यावरून येतात. मलंगगडाचे डोंगर दिसले की ती कामं टाकून खिडकीला नाक लावायची. एकदा तिने चक्क माइकवरून सांगितलं, "आपल्या डाव्या बाजूला अंबरनाथ." डाव्या बाजूच्या सगळ्यांनी माना वळवल्या. एका प्रवाशाने विचारलं, तिथे काय आहे? ही म्हणाली, "माझं घर." त्याने तक्रार केली नाही, पण कॅप्टनने बोलावून घेतलं. पुढच्या वेळी तिने माइक वापरला नाही. डाव्या बाजूच्या खिडक्यांपाशी जाऊन एकेकाला वेगळं सांगितलं.

देवळात ती देवासाठी कमी आणि दगडासाठी जास्त जाते. मागच्या भिंतीवर एक झिजलेली बाई कोरलेली आहे. नाक गेलेलं, एक हात गेलेला, पण कंबरेवरचा हात ठाम. वन्सं तिला सलाम ठोकते. "सगळ्यांत सीनियर ही. हिची बदली करून दाखवा म्हणावं." त्या बाईसाठी तिने कितीतरी वर्षं सोमवारची सुट्टी घेतली. पुढे ती शुक्रवारची घ्यायला लागली. मी टोमणा मारला होता, "चार नंबरवर बसून शुक्रवार? रविवार मागता येत नाही होय?"

"रविवारी देवळाकडे गर्दी असते," ती म्हणाली आणि वाल सोलत राहिली.

मला ते सोयीचंच होतं. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासते, बावीस वर्षं झाली. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, लेक पुण्याला. शुक्रवार नुसता शुक्रवार राहिला असता, पण वन्सं सकाळी नऊला दार वाजवायची. दोघी मिळून वाल सोलायचो, घड्या घालायचो, भांडायचो. त्याला मी कधी काही नाव दिलं नाही. सुट्टी होती, एवढंच.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कंपनीने मुंबईचा तळ बंद करायचं ठरवलं. हवाईसुंदऱ्यांना हैदराबादला जायचं होतं. जी जाईल तिची सगळी वर्षं धरणार, आणि वरच्या तिघींपैकी दोघी राजीनामा देत होत्या. म्हणजे वन्सं हैदराबादेत दोन नंबरची. जायचं नसेल तर नोकरी संपली. तिच्या वयाच्या बाईला दुसरी कुठली कंपनी विमानात घेणार नव्हती. जमिनीवर एक जागा मिळत होती, मुंबई विमानतळावर, दुसऱ्या कंपनीत, फाटकाशी उभं राहून लोकांचे पास तपासायची. तिथेही पाळ्या आणि सुट्ट्या यादीनेच वाटतात. यादीत तिचा नंबर शेवटचा.

ती माझ्याकडे आली, खुर्चीवर न बसता दारातच उभी राहिली. "काय करू, वहिनी?"

मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि पेन घेतलं. मला रडारड जमत नाही, आखणी जमते. हैदराबादला दोन नंबरवर असली तर महिन्यातून दोनदा सलग चार सुट्ट्या मागू शकेल, विमानाचं तिकीट जवळपास फुकट, म्हणजे महिन्याला आठ दिवस अंबरनाथमध्ये, तेही दिवसाउजेडी. इथे राहिली तर पहाटेच्या पाळ्या, सणाच्या पाळ्या, आठवड्याला एक सुट्टी, तीही उरलेली, आणि तो दिवस झोपण्यात. मी गोल करून दाखवले. "बघ. जाशील तर जास्त राहशील."

तिने गोल मोजले. बरोबर होते. मी चुकीचे गोल काढत नाही. खरं सांगायचं तर ती जायला नको होती म्हणूनच मी जास्त काळजीने काढले होते, कुणी म्हणू नये की वहिनीने स्वतःसाठी अडवलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मग मी इथे पाहुणी."

"पाहुणी तर पाहुणी. दोन नंबर काय रस्त्यात पडलाय? जा तू."

तिने कालनिर्णय पुन्हा खिळ्याला अडकवलं, सरळ आहे का ते मागे सरून पाहिलं आणि गेली. आठ दिवसांनी कळलं की तिने जमिनीवरची नोकरी घेतली. मी म्हटलं, वेडी आहेस. ती म्हणाली, "असेन. रजिस्टरला तशी नोंद करा." मला वाटलं, ही त्या नाक गेलेल्या बाईपायी राहिली, डोंगरापायी राहिली. माणसं दगडाला जीव लावतात, त्याला काय करणार?

ऑक्टोबरपासून ती फाटकाशी उभी असते. माझा हिशोब तंतोतंत खरा ठरला, त्याचा मला काही आनंद नाही. ती दूधवाल्याच्या आधी जाते, मी कारखान्यातून येते तेव्हा झोपलेली असते. दसरा, दिवाळी, संक्रांत, सगळं तिने विमानतळावर केलं. सुट्टी मंगळवारी मिळाली, कारण मंगळवार कुणालाच नको होता. तिच्या कडीला मी डबा अडकवते. दुसऱ्या दिवशी तो घासून, आत नॅपकिनची त्रिकोणी घडी आणि एक चिठ्ठी घालून माझ्या कडीला असतो. "आमटी उत्तम. मीठ किंचित कमी. सेवा तत्पर. पुन्हा लाभ घेऊ." पहिल्या आठवड्यात मी सुरमई दिली होती. मधली तुकडी तशीच परत आली. खाली लिहिलं होतं, "ही तुमची. मी आता शेवटच्या नंबरवर आहे." मी ती तुकडी फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी परत तिच्या डब्यात घातली. माझ्या घरात यादी मी लावते.

इतकं लिहून झालं आणि उरलेले वाल सोलायला पुन्हा बसले. सालांचा ढीग झाला होता, तो गुंडाळून टाकावा म्हणून कागद उचलला. गेल्या महिन्यात वन्संने जुन्या कंपनीची कागदपत्रं रद्दीत घाला म्हणून पिशवीभरून दिली होती, त्यातलाच तो. तिला संगणकावर भरलेला फॉर्मही छापून, वर साहेबांची सही घेतल्याशिवाय विश्वास वाटत नाही. ओलसर सालांखाली तिच्या पसंतीचा फॉर्म होता. पहिली पसंती, सुट्टी शुक्रवार. दुसरी पसंती, तिसरी, चौथी, सगळ्या रकान्यांत रेघ. मी पिशवी ओढली आणि सगळे फॉर्म जमिनीवर लावले. तपासणीचीच नोकरी आहे माझी, तारखेने लावले. जुन्या फॉर्मवर सोमवार होता, आणि त्याखाली दोन-चार विमानंही मागितलेली, दुपारी परतणारी. मग एका महिन्यापासून फक्त शुक्रवार. तो महिना तिच्या भावाच्या तेराव्यानंतरचा होता.

एका फॉर्मच्या कोपऱ्यात कुणा वरिष्ठाने पेनने लिहिलं होतं, शुक्रवारी फार गर्दी, दुसरा वार चालेल का? खाली वन्संचं अक्षर, "नाही. घरी काम असतं."

एकवीस वर्षांत चढलेल्या नंबराने तिने सहा वर्षं एकच गोष्ट मागितली होती, माझ्याबरोबर बसून वाल सोलणं. आणि मी तिला गोल काढून दाखवले होते.

मी सोलायचं थांबवलं. फडक्यातले वाल तसेच बांधून फ्रिजमध्ये ठेवले. चार दिवस टिकतात. सोललेल्याची एकटीपुरती आमटी केली, जेवले, फॉर्म तारखेच्या क्रमाने पिशवीत भरून पिशवी माझ्या कपाटात ठेवली. रद्दीत घातली नाही.

शनिवार, १७ जानेवारी. आज सकाळी कारखान्यात पोचल्यावर डबा ठेवायच्या आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब माझ्या लेकीपेक्षा थोडेच मोठे आहेत. म्हटलं, मला सुट्टी बदलून हवी. शुक्रवारऐवजी मंगळवार.

"मॅडम, शुक्रवारी इथे वॉचमन आणि दोन मेंटेनन्सवाले असतात. तुम्ही एकट्या काय करणार?"

"महिनाअखेरचे नमुने तपासायचे पडलेत, ते करीन. शांततेत चांगले होतील."

"पण सगळ्यांची सुट्टी सोडून मंगळवार? काही प्रॉब्लेम आहे का घरी?"

"साहेब, या खात्यात मी सगळ्यांत जुनी आहे," मी म्हटलं. "बावीस वर्षांत काही मागितलेलं नाही. आता मागतेय. पहिली पसंती मंगळवार. दुसरी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टर ओढलं. मी ते लिहीपर्यंत उभी राहिले. मग बाहेर येऊन वन्संला निरोप टाकला, "मंगळवारी नऊला ये. वाल आहेत." ती फाटकाशी होती. उत्तर आलं नाही.