पाठवणारा: दिग्विजय साहेब

मी दहावी नापास. खडकीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर आहे आणि माझ्या हातचा एक नग आजवर परत आलेला नाही. धाकटा भाऊ अवधूत इंजिनियर. त्याला शिकवलं मीच. कात्रजच्या एका कंपनीत ऑफिसचे ईमेल सांभाळतो. हुशार आहे, पण कणा नाही.

त्याचे साहेब दिग्विजय. डिग्र्या इतक्या, की दारावरच्या पाटीत मावत नाहीत. त्यांना वाटलं, ऑफिसातून जाणारा प्रत्येक मेल आपल्याच नावाने जावा. काम दुसऱ्याने करायचं, नाव यांचं. मेललाही पाकिटासारखं वर पाठवणाऱ्याचं नाव असतं. मजकुराला हात न लावता तेवढंच बदलायला अवधूतने पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या. सगळ्यांचंच बदलू का, असं दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं.

आठ दिवसांनी तिथल्या जुन्या क्लार्क मंदाकिनीबाईंनी संचालकांना मेल केला: गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, एक तारखेपासून मला मोकळं करावं. खाली नाव लिहिलं नाही. वर येतंच की. वर आलं दिग्विजय साहेबांचं. संचालकांनी तासाभरात राजीनामा मंजूर केला. थांबा, असंसुद्धा म्हणाले नाहीत.

साहेब उलटले. मी असं सांगितलंच नव्हतं, यानेच परस्पर केलं, उद्या माफीनामा आण. म्हणजे नोकरी गेलीच. आणि हा शहाणा घरी येऊन माफीनामा लिहीत बसला. मी कागद टराटरा फाडला. विचारलं, "फेरफार केला की आम्ही नगाला चिठ्ठी बांधतो. कोणी सांगितलं, कधी सांगितलं. तुम्हा शिकलेल्यांना एवढंही येत नाही?"

खाली मान घालून म्हणाला, "बांधलीय, दादा. तूच सांगायचास ना."

प्रत्येक मेलच्या आतल्या भागात त्याने एक ओळ घातली होती. एरवी ती दिसत नाही, पण उघडून बघता येते. आणि हे मी विचारल्यावर सांगतोय.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्याच कॉम्प्युटरवर आठ दिवसांचे मेल उघडले. प्रत्येकात तेच: नाव बदललं, दिग्विजय साहेबांच्या सांगण्यावरून, तारीख, वेळ. पहिला मेल तर साहेबांनी स्वतः तपासून पास केलेला. साहेब पाणी प्यायले. डिग्री अवधूतची, अक्कल माझी.

मंदाकिनीबाई सुटल्या. साहेबांचा राजीनामा संचालकांनी नाइलाजाने परत दिला. मग संचालकच अवधूतला म्हणाले, साहेबांचं नाव काढ, आता सगळीकडे माझं टाक.

अवधूत म्हणाला, "लेखी द्या, सर."

अजून दिलेलं नाही.