जाकिटातली लस

किसनमामांबरोबर बैलगाडीत बसणं म्हणजे डोक्याला ताप. गाडीला गचका बसला की माणसं कठडा धरतात. मामा दोन्ही हात छातीवर धरायचे. एकदा तलवाड्याच्या ओढ्यात ते तसेच खाली पडले. चिखलात बसल्या बसल्या त्यांनी आधी जाकिटाच्या आतल्या खिशात बोटं घालून लशीच्या काचेच्या नळ्या चाचपल्या. "साबूत हायेत," म्हणाले, आणि मग माझ्याकडे हात केला, "आता मला उचल."

मामा आईचे चुलतभाऊ, मूळचे धर्मापुरीचे. निजाम सरकारच्या नोकरीत गावोगाव फिरून पोरांना देवी टोचत, म्हणून सगळे त्यांना देवीडॉक्टर म्हणत. ऐन चैत्रातसुद्धा ते जाड काळं जाकीट अंगावरून उतरत नसे. काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "जिवाची चीज जिवाजवळच पायजे बे. पेटीत ठिवली आन् फुटली, तर हैदराबादहून दुसरी तुझा बाप आननार हाय का?"

त्या वर्षी मी हैदराबादला डॉक्टरीच्या परीक्षेत नापास होऊन घरी आलो होतो. तेही एकाच विषयात. शरीर रोगाशी कसं लढतं, हा तो विषय. पुस्तक इंग्रजी, मास्तर उर्दूतून समजावणार, आणि मी मनातल्या मनात त्याचं मराठी करणार. रक्तातल्या पेशी जंतूंना खातात, की रक्तरसातच काही मारक द्रव्य असतं, यावर तिकडे विलायतेत विद्वानांची भांडणं चालली होती आणि इकडे मार्क माझे जात होते. मामा आईसमोरच विचारत, "येवढी वर्सं शिकतूस, येक रोगी तरी बरा केलास का?" मी रागानं पुस्तक उचलून बाहेर जायचो.

चैत्रात मामांनी चकलांब्याची पोरं टोचली. लस लागली की दंडावर फोड येतो; आठव्या दिवशी ते फोड तपासायला निघाले. घरी बसून बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून मीही गेलो. बहुतेक दंड कोरे होते. मामांना त्याचं नवल नव्हतं. टोचल्यानं देवी कोपेल या भीतीनं काही बाया आडोशाला जाऊन लस राखेनं पुसून टाकत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून कोरा दंड दिसला की चूक आईची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

चंद्रभागा नावाच्या बाईच्या थोरल्या मुलाचा दंडही तसाच.

"राखेनं पुसलंस," मामा म्हणाले.

"न्हाई दादा. लेकराची आन, म्या हात बी लावला न्हाई."

"झूट बोलू नगंस! मग फोड कावून आला न्हाई?" मामा एवढ्यानं ओरडले की पारावरची माणसं उठून बघायला आली. ती बाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. नळ्या संपल्या होत्या, त्यामुळे पुन्हा टोचणंही झालं नाही.

वैशाखात चकलांब्यात देवी आल्या आणि तो मुलगा गेला. गावानं सरळ हिशेब लावला: देवीडॉक्टरनं तर टोचलं होतं, आईनंच पुसून मारला. सासूनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं.

ही बातमी आली तेव्हा मी पुस्तक घोकत होतो. परीक्षेत जे वाक्य पोपटासारखं लिहून आलो होतो, त्याचा अर्थ त्या दिवशी डोक्यात शिरला. देवीची लस जिवंत असली तरच शरीर तिच्याशी झुंजतं आणि ती झुंज लक्षात ठेवतं. लस उष्णतेनं मेली, तर शरीराला काही कळतच नाही. मला ते जाकीट दिसायला लागलं. वरून ऊन, आतून अंगाची ऊब, आणि मध्ये लस.

मी मामांना सांगितलं. ते ताटावरून उठले. "वीस वर्सं झाली मला टोचायला. आन् तू, नापास, मला शिकिवतूस?" पुढे सहा महिने हेच. मी पुस्तक उघडलं की ते चपला घालत. एकदा तर मी वैतागून पुस्तक भिंतीवर फेकलं. खरं सांगावं तर नापासाचं ऐकतो कोण, आणि गप्प बसावं तर ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मार्गशीर्षात नव्या नळ्या आल्या. त्या सकाळी मामा आमच्या दारात आले आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "आक्का, येक कोरं मडकं दे." आम्ही नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवल्या आणि चकलांबा गाठलं. आपल्यावरही पुसल्याचा आळ येईल या भीतीनं एकही दार उघडेना. शेवटी चंद्रभागाच धाकट्या मुलीला कडेवर घेऊन आली.

"टोचा," ती म्हणाली. "आन् आठ दिस माज्या दारात बसा. म्या पुसते का बघा."

मामा खरोखर बसले. रात्री देवळात झोपायचे आणि दिवस उगवला की तिच्या अंगणात. ती भाकरी आणून ठेवायची आणि आत जायची. आठव्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा पोरीच्या दंडावर टपोरा फोड आला होता. मी आनंदानं ओरडलोच. माझा अख्खा विषय तिथे पास झाला होता.

मामा फोड बघून उठले. "बाई, तू पुसलं नव्हतंस. लस मेलती. चूक माजी हाय."

"मला म्हाईतच हाय," ती म्हणाली. "माज्या सासूला सांगा."

सासू ठार बहिरी. मामांनी सांगितलं, म्हातारीनं "काय?" म्हटलं. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, तिनं पुन्हा "काय?" म्हटलं. तिसऱ्या वेळी मामा गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "सुनेनं न्हाई पुसलं! चूक माजी हाय!" सगळी आळी दारात येऊन उभी होती. म्हातारीनं सुनेकडे पाणी मागितलं.

परतीच्या वाटेवर मला राहवेना. गेले सहा महिने एक गोष्ट मी मुद्दाम लपवली होती, कारण ती सांगितली असती तर माझं म्हणणं लंगडं पडलं असतं. म्हणालो, "मामा, चैत्रातल्या त्या नळ्या कदाचित तुमच्या हातात येण्याआधीच मेल्या असतील. टपालात, उन्हानं. चूक तुमची नसेलही."

मामा बैलांकडे बघत होते. मला वाटलं, आता चिडतील, निदान सुटल्यासारखं तरी करतील.

"आसंल," ते म्हणाले. "पन तिला झूटी म्या म्हनलं, बे. टपालानं न्हाई."